तोच पेपर, चढते गुण

गुरुजी भेटले की आधी त्यांची चार बोटं पुढे यायची. "कावळा, चिमणी, घार, कोयता. यात वेगळं कोण?" पोलादपूर स्टँडवरचा चहावाला हात जोडायचा, "गुरुजी, चहा फुकट घ्या, पण मला सोडा."

असं एखादं वेड असलेले मास्तर तुम्हीही पाहिले असतील. आमच्या गुरुजींना बुद्धिमत्ता चाचणीचं वेड. चौथीच्या शिष्यवृत्तीला मुलं निवडायला ते दरवर्षी एकच जुना पेपर वापरत आणि वर्गातच परत घेत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी त्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा त्याच पेपरात मुलांचे गुण दरवर्षी चढत होते. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांचे तर जास्तच. गुरुजी हरखून जायचे.

हेडमास्तर हरखले नाहीत. सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजी, पेपर फुटलाय. ही पोरं एवढी हुशार कुठली?"

गुरुजींची बोटं त्या दिवशी खिशात गेली. काही दिवसांनी ते म्हणाले, "नवा पेपर तुम्हीच काढा. पोरांबरोबर आईबापांनाही बसवू."

रविवारी वर्ग भरला. हेडमास्तरांनी विचारलं, "होडी, बैलगाडी, एसटी, नदी. वेगळं कोण?"

एका मुलीचा बाप पटकन म्हणाला, "एस्टी! बाकी समदं आमच्या वाडीत हाय."

"बाबा, नदी! बाकीची वाहनं हायत ना!"

वर्ग हसला. बाप ओशाळला. "म्हंजे मी ढ, गुरुजी?"

"नाय रे. तू समोर दिसतं ते सांगितलंस. तुला उभ्या जन्मात कुणी 'समज, असं असतं तर' म्हणून काही विचारलं होतं? हिला शाळेत रोज विचारतात. घरी रेडिओ, मुंबईहून येणारा काका. डोकं तेच, सवय नवी."

मागच्या बाकावर मी मान खाली घातली. माझे वडील तुडीलला मजुरी करत. मी त्यांच्यापेक्षा हुशार, असं मला मनातून वाटत आलं होतं. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

नव्या पेपरातही मुलांनी तेवढेच गुण मिळवले. हेडमास्तर फक्त "बरं" म्हणाले.

बोलले ते गुरुजींच्या निरोप समारंभात. नारळ देता देता थांबले. "मी आरोप केला होता. पेपर फुटला नव्हता. गुण पोरांचेच होते."

टाळ्या पडल्या. गुरुजींनी हात वर करून त्या थांबवल्या. 'एस्टी' म्हणणारा तो बाप दाराबाहेर चपलांपाशी उभा होता.

"साहेब, पुन्हा सांगा," गुरुजी म्हणाले. "जरा मोठ्यानं. त्याला ऐकू गेलं नसेल."