एकाच सीटची इटालियन गाडी

पत्नी गेल्यापासून मी रविवारी सकाळी बोदलकसा तलावाच्या पाळीवर जाऊन बसतो. तिथे साठीचे एक गृहस्थ लाल इटालियन मोटारसायकलवर येतात. गाडी जुन्या धाटणीची, हँडल इतके खाली की त्यांना पोट सांभाळत वाकावे लागते. सीट एकाचीच. म्हणून त्यांची बायको मागून स्कूटीवर येते.

एका रविवारी ते आले, पण मागे स्कूटी नव्हती. हेल्मेटही न काढता ते हँडलच्या टोकाला लावलेल्या आरशात रस्ता पाहत राहिले. शेवटी परत जायला गाडी वळवू लागले, तेवढ्यात ती आली.

"कुठं रायली होतीस वं?"

"झिंगे घेऊन रायली होती. तुमी पळवा आपली राणी!"

मी हसून म्हणालो, "दोघांची सीट लावून घ्या ना."

"लावता येते, सर. पण मांगं बसली का दिसत नाही. आता आरशात दिसून रायते."

"बायकोचं तोंड पाहाले याहिले इटलीची गाडी लागते," ती म्हणाली.

ते गेल्यावर मी तिथेच बसलो. माझी पत्नी वीस वर्षे माझ्या स्कूटरवर मागे बसली. ती दिसत नसे; पण घर येईपर्यंत माझ्या कानाशी बोलत असे. त्या सकाळी मी बराच वेळ ते बोलणे ऐकत होतो.