पांढऱ्या सिमेंटचं अंडं

तलंगांना पिप्यात अंडी घालायला लावणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, आणि माझ्यासारख्या तापट बाईचं तर ते मुळीच नाही. तलंग म्हणजे अंड्यावर यायला टेकलेली, पण अजून एकही अंडं न घातलेली कोंबडी. तुरा लाल व्हायला लागला, की तिच्या अंगात काहीतरी संचारतं. दिवसभर ती कोपरे धुंडाळत फिरते. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात घुसते, चुलीमागं वाकून बघते, तुरीच्या पोत्यांआड जाऊन बसते. तिला जागा हवी असते. आपण दिलेली सोडून दुसरी कुठलीही.

पोळ्याच्या सुमारास आर्णीच्या बाजारातून मी ही पिल्लं आणली, ती मुलीसाठी. मुलगी पुण्याला असते, नोकरी करते. तिनं नुकतीच फोनवर गोड बातमी दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. ठरलेलं म्हणजे मी ठरवलेलं. सातव्या महिन्यात ती तांड्यावर येईल तेव्हा या तलंगा अंड्यावर आलेल्या असतील, तिला रोज घरचं अंडं मिळेल, असा माझा हिशेब. खरं सांगायचं तर अंडी हा बहाणा होता. लग्न झाल्यापासून ती या घरात सलग आठवडाभरही राहिली नव्हती. मला माझी मुलगी घरात हवी होती.

तेलाचे रिकामे पिपे आडवे करून नवऱ्यानं त्यांची तोंडं कापली, पाय चिरू नयेत म्हणून कडा ठोकून आत वळवल्या. मी आत सोयाबीनचं कुटार अंथरलं आणि तोंडावर पोत्याचा पडदा सोडला. अंडं घालताना कोंबडीला अंधार आणि आडोसा लागतो, कुठल्याही बाईला लागतो तसाच. तलंगांनी काय केलं? रात्री पिप्यात झोपल्या आणि सकाळी सगळं कुटार घाण करून बाहेर पडल्या. मग त्यांना बसायला उंचावर दांडी बांधली. दिवस मावळला की पिप्यांची तोंडं बंद करायची, उजाडलं की उघडायची, हा एक नवा धंदा माझ्या मागं लागला.

शेवटी नवऱ्यानं अंडं केलं. म्हणजे खोटं अंडं. घराच्या कामातलं पांढरं सिमेंट उरलं होतं. त्यानं दुकानातून आणलेल्या एका अंड्याला भोक पाडून आतला बलक काढला, टरफलात सिमेंट ओतलं आणि वाळल्यावर वरचं टरफल सोलून टाकलं. बलक वाया गेला नाही हे सांगायला नकोच. आम्लेट त्यानं एकट्यानं खाल्लं. ते अंडं मी पिप्यात ठेवलं. कोंबडीला वाटतं, इथं आधी कुणी तरी अंडं घातलंय, म्हणजे जागा भरवशाची आहे. एकदा भरवसा बसला की ती पुन्हा पुन्हा तिथंच येते.

तुरीची काढणी आटोपेपर्यंत एकेक करत तलंगा पिप्यात बसू लागल्या. फक्त एक लाल तलंग ऐकेना. तिला मागची खोली आवडली होती. ती खोली मी मुलीसाठी चुना मारून ठेवली होती. बाजेवर नवी गोधडी होती, मी हातानं शिवलेली, कडेला कवड्या लावलेली. लाल तलंग रोज सकाळी त्या गोधडीवर चढायची आणि गोल गोल फिरून बूड टेकायला जागा करायची. मी तिला उचलून पिप्यात कोंबायची, पडदा धरून बसायची. ती आत थयथयाट करायची आणि सुटली की पुन्हा खोलीकडं पळायची. मी तिला दिलेल्या शिव्या आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतल्या होत्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

अशाच एका सकाळी मुलीचा फोन आला.

“याडी, डॉक्टर नाही म्हणते. बीपी वाढला माझा. येवढ्या लांब गाडीत बसूच नको म्हणते.”

“मंग?”

“मंग काय, इथंच. तू टेन्शन नको घेऊ.”

मी “बरं” म्हटलं. तब्येतीला जप, मीठ कमी खा, असंही काहीबाही म्हटलं. फोन ठेवला आणि मागच्या खोलीत बाजेच्या कडेवर जाऊन बसले. डॉक्टरांचा राग, पुण्याचा राग, त्या लांबलचक रस्त्याचा राग. कुणावर काढावा ते कळेना. लाल तलंग आत आली, माझ्याकडं बघत गोधडीवर चढली. मी तिला हाकललं नाही. बऱ्याच वेळानं ती उठली आणि ओरडून ओरडून तिनं तांडा डोक्यावर घेतला. गोधडीवर तिचं पहिलं अंडं होतं. छोटंसं, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ असलेलं. ते ऊन ऊन अंडं हातात धरून मी रडले.

ओरडणं ऐकून नवरा आला. त्यानं कोंबडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“आज काहून नाही हाकललं तिले?”

“तिले इथंच बसायचं हाये, त मी काय करू?”

“मंग तिच्या मांगं काहून लागतं? तिले हीच जागा पटली. पिपा उचल अन् इथं आणून ठेव.”

तो कोंबडीबद्दलच बोलत होता. पिपा उचलायला मी उठले, पण माझ्या डोक्यात पुण्याची गाडी सुरू झाली होती. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. त्यांच्या बाया तांडा थांबेल तिथं बाळंत झाल्या, झाडाखाली, नदीच्या काठाला, आणि याडी जवळ असली म्हणजे झालं. मग याच खोलीचा, याच बाजेचा हट्ट मी कायले धरला होता?

गोधडी धुऊन पिशवीत घातली. घरातली सगळी अंडी नवऱ्यानं ज्वारी भरलेल्या डब्यात एकेक करून पुरली. तो डबा मांडीवर घेऊन मी ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेले, आणि वाटेत प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरचा उद्धार केला.

आमच्याकडं बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. विरहाचं सगळं त्या रडण्यातच सांगायचं असतं. फ्लॅटच्या इमारतीत तसं करायचं नाही, लोक दारं उघडून बघतील, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. दार उघडलं. मुलगी पोट सावरत उभी होती, पाय सुजलेले. मी काही बोलायच्या आत तिनंच माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि सूर लावला, “याडी येऽ...” तो सूर तिला येतो हे मला माहीतच नव्हतं. मग मी कुणाची दारं बघते!

दुसऱ्या दिवशी ती आम्लेट करायला बसली. वाटीच्या काठावर एक अंडं आपटत राहिली.

“याडी, हे फुटूनच नाही राह्यलं!”

मी हातात घेतलं आणि वजनावरूनच ओळखलं. नवऱ्यानं खोटं अंडंही डब्यात घातलं होतं. त्याला फोन केला तर म्हणतो, वीज गेली होती, दिसलं नाही. स्वतः केलेलं अंडं त्याला हाताला कळलं नाही, यावर माझा अजून विश्वास नाही. मग मी मुलीला पिप्यांची, लाल तलंगेची सगळी गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की मला तिच्या पोटाची काळजी वाटायला लागली.

नात झाली. त्या कवड्यांच्या गोधडीवर ती पहिल्यांदा पालथी पडली, तोवर मी राहिले. मग नवऱ्याचे फोन वाढले, पेरणीचे दिवस आले, आणि निघावं लागलं. पिशवी भरताना पाय उचलत नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “ते सिमेंटचं अंडं दे. तलंगांले लागते.”

मुलीनं खिडकीत ठेवलेलं ते अंडं उचललं, पण दिलं नाही.

“हे इथंच राहीन,” ती म्हणाली. “तूनंच सांगितलं ना, हे ठेवलं म्हणजे ती परत येते.”

ती हसत होती, डोळे भरलेले होते, आणि मुठीतलं अंडं तिनं काही सोडलं नाही.