खिंडीसाठी महिना ठरवताना

हिमनदीवरून जाणारी उंच खिंड चालायची तर महिना कुठला निवडावा, यावर वाचायला भरपूर मिळतं. आम्हा चौघांत वाचायची सवय मला एकट्याला, म्हणून हा अभ्यास माझ्याकडे आला. जूनमध्ये खिंडीवर गेल्या हिवाळ्याचं बर्फ असतं. पाय रुततो, ऊन चढलं की ते भुसभुशीत होतं आणि खालच्या भेगा झाकलेल्या असतात. जुलै-ऑगस्ट पावसाचे आणि दरडींचे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आभाळ निवळतं, वरचं बर्फ उतरून कठीण निळसर थर उघडा पडतो, भेग कुठं आहे ते दिसतं. तिथल्या वाटाड्यानंही फोनवर सप्टेंबरच सांगितला. साठीच्या माणसांना पडायची जागा आधी दिसलेली बरी, असं माझंही मत झालं.

रविवारची टेकडी उतरून आम्ही हिंडलगा रस्त्यावर चहाला थांबलो होतो. मी महिना सांगितला. कंग्राळी गावच्या मित्रानं कप खाली ठेवला.

"मला सप्टेंबर न्हाय जमत."

हिमालयाचं खूळ मुळात त्याचं. शहरात नोकरी करून त्यानं शेती सांभाळली होती आणि चढावर तो आम्हा तिघांच्या पुढं असायचा.

"का रं?" बँकेतून निवृत्त झालेल्यानं विचारलं. "भात तवा पोटरीत असतंय. तू बांधावर बसून त्येला गाणी म्हणतोस व्हय?"

"म्हाळ हाय वडिलांचा."

"मग सर्वपित्रीला घाल की. त्या दिवशी सगळ्यांचंच चालतंय."

"चालतंय. पन मला न्हाय जमत."

"वडील बी वरनं म्हणत असतील, जा बाबा, बर्फ बघून ये, वडं काय पळून जात न्हाईत."

सगळे हसले, तोही हसला. निघताना मला म्हणाला, "सर, आवंदा तुमी या म्हाळाला जेवायला. मग बोलू."

पितृपक्षातल्या असल्या जेवणांना मी एरवी जात नाही. मेलेल्यांच्या नावानं जिवंतांनी वडे खावेत, यात मला नेहमीच जिवंतांची सोय दिसली आहे. तरी गेलो. ओसरीवर पाट मांडले होते. सगळे बसत आले तेव्हा एक गृहस्थ आला, पायांवर पाणी घेतलं आणि शेवटच्या पाटावर बसला. तोंडावळा थेट मित्राचा. कुणी ओळख करून दिली नाही. जेवताना तो मित्राच्या बायकोला म्हणाला, "वैनी, खीर जरा." मित्र तिलाच म्हणाला, "त्येला वडं वाढ." जेवण झालं, हात धुऊन तो गेला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलंही नव्हतं.

बसथांब्यापर्यंत मित्र सोबत आला.

"धाकटा. विहिरीच्या पाण्यावरनं झालं. लई वर्सं बोलत न्हाय त्यो माझ्यासंगं."

"जेवायला येतो की."

"त्येवढाच येतोय. वाटण्या झाल्या, चुली येगळ्या झाल्या. म्हाळ अजून येक हाय. ह्या तिथीला मी नसलो की त्यो आपल्या घरात घालनार. मग संपलं."

"अमावस्येला बोलावून घे."

"बोलवायचं कसं, सर? बोलत न्हाय की त्यो. तिथी त्येला ठावं हाय, म्हनून येतोय."

बस आली, मी चढलो.

पुढच्या रविवारी मी जूनची बाजू मांडली. भेगा झाकलेल्या असतात, हेही सांगितलं. बँकवाला थक्क झाला. "सर, तुमीच सप्टेंबर म्हणत हुता!" चौथ्याला मात्र जून पटला. त्याला समाजकार्याची आवड आहे, म्हणजे सत्कार घडवून आणायची. तो म्हणाला, "फोटोत पांढरं दिसलं पायजे. नुसते धोंडे दिसले तर लोक म्हनतील, खडी क्रशरवर गेलतो." निघायच्या आधीच त्यानं चौकात फलक लावला. त्यावर आमचे चार चेहरे ज्या शिखराला चिकटवले होते ते बहुधा युरोपातलं असावं. शाल-श्रीफळही झालं. न केलेल्या कामाचा सत्कार स्वीकारताना चेहरा कसा ठेवावा, ते मला अजून जमलेलं नाही.

धूळवाफ पेरणी उरकून मित्र निघाला. रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, पाऊस यायच्या आत कोरड्या मातीतच भात पेरायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं त्याला जूनचे सुरुवातीचे दिवस मोकळे मिळाले. वर मात्र हिमनदीच्या तोंडाशी तंबू ठोकले आणि बर्फ पडायला लागलं. आभाळ उघडल्यावर वाटाड्यानं बर्फात काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. त्यानं आम्हाला मागं फिरवलं. मित्राकडं बघून तो म्हणाला, "तुम्ही सप्टेंबरात आला असता तर आरामात पलीकडं गेला असता." मित्रानं मान हलवली आणि पाठपिशवीचे पट्टे आवळले. खिंड वर स्वच्छ दिसत होती. चढून गेलेलं कुणी असतं तर माणूस म्हणून ओळखू आलं असतं, इतकी जवळ.

सप्टेंबरात मी न बोलावता म्हाळाला गेलो. पानं मांडली, सगळे बसले. शेवटचा पाट रिकामा होता. भात निवू लागला. वाट कुणाची बघतोय, हे कुणी विचारलं नाही. अखेर शेजारचे म्हातारे आप्पा म्हणाले, "वाढा आता. त्येनं आवंदा घरातच घातलाय. सकाळी कावळ्याला ठेवताना बघितलं मी."

मित्रानं बायकोला खूण केली. ती रिकामा पाट उचलायला वाकली, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

त्या दिवशी तो व्यवस्थित जेवला, आम्हाला आग्रहही केला.

रविवारी चहाला आम्ही चौघं होतो. बाकी दोघांना यातलं काही माहीत नव्हतं. बँकवाला म्हणाला, "आवंदा हुकलं. आता पुढच्या साली सप्टेंबरच धरायचा. म्हाळ तेवढा अमावस्येला ढकल रं बाबा."

मित्र रस्त्याकडं बघत होता.

"जूनच बघा," तो म्हणाला. "पुढच्या साली बर्फ कमी पडंल."

बँकवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, जूनचं पुन्हा एकदा वाचून बघतो.