पथ्याचं ताट

सोरायसिस झाल्यापासून माझ्या कातडीवर माझा हक्क राहिला नाही. फुलसावंगीत माहेरी गेले की ज्याला त्याला माझ्या कोपरावरचे चट्टे बघून काहीतरी सुचतं. वांगं सोड, दूध सोड, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ कर, मन साफ ठेव. मोबाइलवर येणारे उपाय वेगळेच. मन साफ ठेव म्हणणाऱ्या बाईच्या तोंडावर मी हसले, तर तिला राग आला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं होतं. खोबरेल लावा, झोप पुरी करा, जीव जाळू नका. सणावारी गोडधोड खा, पण थोडं खा, सावकाश, चवीकडे लक्ष देऊन. आणि हे कोणाला लागत नाही, एका ताटात जेवलात तरी लागत नाही. माहेरी येऊन मी हे सगळं सांगितलं. घरच्यांनी त्यातलं पथ्य तेवढं उचललं.

आमच्याकडे सगळ्यात मोठा सण बुद्धपौर्णिमा. वस्तीतल्या बायका विहारासमोर मोठ्या गंजात खीर करतात आणि सगळे एका पंगतीला बसतात. जेवणाआधी आमचे बाबा उभे राहून आजोबांची गोष्ट सांगतात. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची, चहा पिऊन ज्यानं त्यानं ती विसळून ठेवायची. धर्मांतर केलं त्या दिवशी आजोबांनी ती कपबशी फोडली. गोष्ट संपली की बाबा विचारतात, "आज कोणाचं ताट वेगळं हाये का?" पंगत म्हणते, "नाही." मगच पहिला घास. लहानपणी हे 'नाही' मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची.

यंदा पौर्णिमेला मी खीर ढवळायला गेले. गेली कित्येक वर्षं ते माझं काम. वहिनीनं हळूच माझ्या हातातली पळी घेतली.

"राहू द्या ताई, घाम येते न तुमाले. मंग खाजते."

किती काळजी! मी बाजूला झाले. पंगत बसली तेव्हा कळलं की माझं ताट घरूनच भरून आणलंय. ज्वारीची भाकर, दोडक्याची अळणी भाजी. खीर नाही. आई पुढ्यात ताट ठेवून म्हणाली, "तुह्या पथ्याचं केलं."

"डॉक्टरनं वाटीभर खीर खा म्हटलं, आई."

"सणाच्या दिशी कायले वाद घालतं वं? गुमान जेव."

ताट ओळखीचं होतं. आल्यापासून मला रोज तेच मिळत होतं. त्याच्या बुडाला नखपॉलिशचा लाल ठिपका आहे. घरात ते बाकीच्या भांड्यांबरोबर मांडणीत नसतं, न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि शेवटी घासतात. आदल्या दिवशी मी ते मांडणीत ठेवलं होतं. सकाळी ते परत न्हाणीत होतं. पथ्य तोंडाचं असतं, पितळेच्या ताटाला कशाचं आलं, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. पण उत्तर मला माहीत होतं आणि ते आईच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती.

बाबा उभे राहिले. पांढराशुभ्र सदरा, थरथरता आवाज. कपबशी फुटली त्या जागी त्यांचे डोळे दरवर्षी भरून येतात, यंदाही आले. मला त्यांचा इतका राग आला की भाकरीचा तुकडा मोडलेला हात तसाच राहिला. शेजारच्या बाईनं आपला पदर माझ्या बाजूनं आवरून घेतला होता.

"आज कोणाचं ताट वेगळं हाये का?"

बाबांनी पंगतीवरून नजर फिरवली. माझ्यावर आली तेव्हाही ती अडखळली नाही.

"नाही," पंगत म्हणाली.

सगळे माझ्यासाठी घास उचलायचे थांबले होते. आई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.