तरुबालाची चूल आणि सिनेमातला धूर

हेताळखाली गावात एकाच घरातून दुपारचा धूर कधी निघत नसे. ते घर तरुबाला मृधाचं. पहाटे तारे असताना तिची चूल पेटायची आणि मग एकदम दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात अंगणातली ती मातीची चूल सारवलेली, थंडगार असायची. आजारी नातीला कोमट पाणी हवं असलं तर तरुबाला भांडं घेऊन शेजारी जायची. बकुलच्या, म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचा स्वयंपाकही शेजारच्या अंगणात झाला. असं चौतीस वर्षं चाललं.

गावाला कारण माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नसे.

नदीपलीकडे जंगल आहे. चैत्र संपत आला की हेताळखालीचे पुरुष मध काढायला तिकडे जातात. जंगलाची राखण करणाऱ्या वनबीबीची पूजा होते, होड्या सुटतात, आणि त्या क्षणापासून घरच्या बायकांचे नियम सुरू होतात. केसांना तेल लावायचं नाही, फणी फिरवायची नाही, मिरची परतायची नाही, दाराला कडी घालायची नाही. आणि सूर्य वर असेपर्यंत चूल पेटवायची नाही. दिवसा घरात धूर झाला तर तो जंगलात आपल्या माणसाच्या डोळ्यांत जातो, आणि डोळे चोळत बसलेल्या माणसाला झुडपात दबा धरलेला पट्टेवाला मामा दिसत नाही. मामाचं खरं नाव तिथे कोणी घेत नाही.

चौतीस वर्षांपूर्वी, होड्या सुटायच्या आधी आठ दिवस, कोलकात्याहून दोन लाँच भरून सिनेमाची माणसं आली. मुलांचा सिनेमा होता. तीन मुलं जुना नकाशा घेऊन सात खाड्यांमध्ये चाच्यांचा खजिना शोधायला निघतात, अशी गोष्ट. गावाला काम मिळालं. कोणी होड्या वल्हवल्या, कोणी चिखलात फळ्या टाकल्या. तरुबालाच्या नवऱ्याने, निवारणने, मगर केली. केळीचे बुंधे बांधून त्यावर गोणपाट शिवलं आणि नारळाच्या करवंटीचे दात बसवले.

"अहो, एवढे मोठे दात?" तरुबालाने विचारलं होतं.

"सिनेमातल्या मगरीला मोठेच लागतात. तुझ्यासारखे तांदळाचे दाणे लावले तर पोरं हसतील."

"हसू देत. पोरांचाच सिनेमा आहे ना?"

"परत आलो की बघू, कशी चावते ते," निवारण म्हणाला. दोन दिवसांनी अक्रूर गुणीनच्या होडीतून तो जंगलात गेला. गुणीन म्हणजे मंत्र टाकून जंगल बांधणारा माणूस. त्याच्या होडीत एकूण सहा जण होते.

होडी सुटल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी शूटिंग बघायला सगळं गाव बांधावर जमलं होतं. तरुबालाची सासू क्षीरोदा तीन वर्षांच्या बकुलला कडेवर घेऊन उभी होती. तरुबाला मात्र नदीच्या वळणापलीकडे कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होती. कोळंबीची पिल्लं धरायची तर भरतीची वेळ साधावी लागते. सिनेमा काय, पुन्हा होईल.

आणि बांधावरून गावाने पाहिलं की मृधांच्या अंगणातून धूर निघतो आहे. बारीकसारीक नव्हे, जाड आणि पांढरा, सरळ वर चढणारा. लोकांची बोलणी थांबली. क्षीरोदा एवढंच म्हणाली, "माझ्या सुनेने चूल पेटवली."

तिला बांधावरून पायवाटेने घरी यायला वेळ लागला. ती पोचली तेव्हा तरुबाला ओल्या साडीने चुलीसमोर उभी होती. चुलीवर राख लोटलेली, आणि राखेतून अजून थोडा धूर येत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. क्षीरोदाने राखेत हात घातला आणि चटकन काढून घेतला.

"आई, मी नाही पेटवली. आता येते आहे मी."

"मग कोणी?"

तरुबाला चुलीकडे वळली. पहाटे भात शिजवून तिने निखाऱ्यांवर पाणी मारलं होतं, वर राख दाबली होती. मारलं होतं ना? ती आठवायला लागली. बकुल तेव्हा रडत उठली होती. घाईत एखादा निखारा राहिला असेल. शेजारी सुक्या पाल्याचा ढीग होता. वारा सुटला असेल. तिला आठवलं ते असं, आणि एकदा तसं आठवल्यावर दुसरं काही आठवेनासंच झालं.

चार दिवसांनी होडी परत आली. होडीत पाच जण होते. अक्रूर गुणीन कोणाच्या डोळ्याला डोळा न देता खाली उतरला. क्षीरोदाने विचारलं, "कोणत्या दिवशी?"

"सहाव्या. दुपारी."

सिनेमाची माणसं तोवर निघून गेली होती. त्यांना कोणी काही कळवलं नाही. कळवायचं तरी काय आणि कोणाला?

तरुबालाला कोणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. क्षीरोदा पुढे एकोणीस वर्षं जगली, सुनेच्या हातचंच जेवली. फक्त तिने तरुबालाला पुन्हा कधी 'सूनबाई' म्हणून हाक मारली नाही. कोणतीच हाक मारली नाही. पाणी हवं असेल तर तांब्या पुढे सरकवायची. शेवटच्या आजारपणात तरुबालाने तिचं सगळं केलं, तेव्हाही तांब्याच सरकत राहिला.

बकुल मोठी झाली. ती आईला काही बोलत नसे. एकदाच, सतरा वर्षांची असताना, भांडणात तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या चुलीनेच माझे बाबा खाल्ले." मग आठवडाभर रडली. तरुबालाने तिची समजूत काढली. म्हणाली, "खोटं कुठे बोललीस?"

सिनेमा खूप चालला, असं म्हणतात. शाळेत दोनदा पडद्यावर दाखवला. सगळं गाव गेलं, तरुबाला गेली नाही.

यंदा माघ महिन्यात एक लाँच आली आणि तिच्यातून साठीचा एक माणूस काठी टेकत उतरला. प्रभास सान्याल. त्या सिनेमात तो सहायक दिग्दर्शक होता. बरोबर कॅमेरा घेतलेली एक तरुण मुलगी आणि एक मुलगा होता. सिनेमा कसा झाला याच्या गमतीजमती त्यांना गोळा करायच्या होत्या. वादळाच्या वेळी आसऱ्यासाठी बांधलेल्या पक्क्या इमारतीच्या ओसरीवर खुर्ची मांडली. लोक जमले. तरुबाला येणार नव्हती, पण नातीने ओढून आणली. ती मागे खांबाला टेकून बसली.

प्रभास रंगात आला. खजिन्याची पेटी भरतीत वाहून गेली, ती दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या घरी कोंबड्यांचं खुराडं झालेली सापडली. चाच्यांच्या सरदाराला होडी लागायची. दर वाक्यानंतर तो होडीच्या कडेवरून वाकून ओकायचा.

"आणि ती मगर!" पुढे बसलेला शेजारचा हाजारी ओरडला. "मगर आमच्या निवारणदाची होती, साहेब!"

"अरे, काय मगर होती! एका रात्री दोर सुटला आणि गेली ओहोटीबरोबर. खालच्या तीन गावांत आरडाओरडा. एकाने तर भाला मारला!"

"आमच्या मामेसासऱ्यांनी," एक बाई म्हणाली. "मरेपर्यंत सांगायचे, मगर मारली म्हणून."

सगळे हसले. तरुबालाच्याही ओठांच्या कडा हलल्या. मगर वाहून गेल्याचं तिला माहीत होतं, भाल्याचं नव्हतं. हे ऐकून निवारण किती हसला असता, असं तिला वाटून गेलं.

"पण मला सगळे विचारतात ते धुराबद्दल," प्रभास म्हणाला. "मुलं तीन दिवस भरकटलेली असतात, पाणी संपलेलं असतं, आणि धाकटा उठून ओरडतो, 'धूर! म्हणजे माणसं आहेत!' अजून लोक माझ्यासमोर हे म्हणतात आणि डोळे पुसतात. आता त्या धुराची गंमत सांगतो."

ओसरीवरचं हसणं हळूहळू थांबलं. प्रभासच्या ते ध्यानात आलं नाही.

"कॅमेरा होडीत, मुलं होडीत, ऊन बरोबर, आणि गावात एकाही घरातून धूर नाही! दिग्दर्शक म्हणाले, हे गाव आहे की स्मशान? लोकांना विचारलं तर म्हणे आत्ता चुली पेटत नाहीत. का, ते कोणी सांगेना. मग मला म्हणाले, प्रभास, धूर कर. मी काठाच्या सगळ्यात शेवटच्या घरी गेलो. अंगणात कोणी नाही. चुलीत पेंढा कोंबला, ओलं गोणपाट टाकलं. सुंदर धूर! नदीवरून दिग्दर्शकांनी हात हलवला. मी राख लोटली आणि मागच्या बाजूने, खाडीच्या कडेने पळालो. घरची बाई येऊन ओरडली असती ना!"

तो हसला. एकटाच. मुलीने कॅमेरा खाली घेतला.

तरुबाला उठून उभी राहिली. चौतीस वर्षांत चारचौघांत ती कधी बोलली नव्हती.

"दादा, घराच्या दाराशी काय होतं?"

"दाराशी? वाकडं गोरानचं झाड होतं एक. त्याला जाळं वाळत घातलेलं."

बकुलने आईकडे पाहिलं. ते झाड अजून होतं.

"पेटवलंत कशाने?"

"काडीने. तीच तर खरी फजिती!" प्रभासने गुडघ्यावर हात मारला. "माझ्याकडे काडेपेटीच नव्हती. वाटलं, चुलीत एखादा निखारा असेल, फुंकर मारू. तळापर्यंत हात घातला. राख थंड आणि ओली! घरची बाई फार नेटकी असणार, एक ठिणगी ठेवली नव्हती. परत लाँचपाशी धावलो, तिथल्या खलाशाची काडेपेटी आणली, वाऱ्यात नऊ काड्या गेल्या. उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या. त्या बाईने एक निखारा ठेवला असता तर वाचलो असतो."

"ओली होती?" तरुबालाने विचारलं. "नक्की ओली?"

"हाताला काळा चिखल लागला होता. चेहऱ्याला पुसला, म्हणून माकड म्हणाले मला. ताई, काय झालं?"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला अक्रूर गुणीन बसला होता. नव्वदीला आलेला, कानांनी अधू. तरुबालाने त्याच्याकडे बोट केलं.

"अक्रूरकाकांना ऐकू गेलं नाही. त्यांच्याजवळ जाऊन सांगा. जोरात सांगा. राखेचं सगळं सांगा."

प्रभास बावरला. हाजारीने त्याला धरून म्हाताऱ्यापाशी नेलं आणि जाता जाता दोन वाक्यांत काय ते सांगितलं. प्रभासचा चेहरा पडला. काठी घरंगळली. या वेळी त्याने जे सांगितलं त्यात गंमत नव्हती. पेंढा, गोणपाट, थंड राख, नऊ काड्या. घसा बसेपर्यंत त्याने ते म्हाताऱ्याच्या कानात दोनदा ओरडून सांगितलं.

अक्रूरने कानावरचा हात काढला. मग म्हणाला, "धूर तर झालाच ना, तरु. तुझ्याच चुलीतून झाला."

"झाला, काका," तरुबाला म्हणाली. "पण मी निखारे विझवले होते."

"विझवले होतेस," म्हातारा म्हणाला. त्याने मान हलवली, आणि हलवतच राहिला. "विझवले होतेस, सूनबाई."

बकुल पदरात तोंड घालून बसली होती. तरुबाला तिच्यापाशी थांबली नाही. ती पायऱ्या उतरून घरी गेली.

थोड्या वेळाने प्रभास तिच्या अंगणाशी आला. आत यावं की नाही, त्याला कळेना. गोरानच्या झाडाशी उभा राहून तो हात जोडून म्हणाला, "ताई, मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं मी हे हसत हसत सांगत आलो. लग्नांत सांगितलं, टीव्हीवर सांगितलं."

"मला ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे टीव्ही नाही."

तो पायांशी वाकायला गेला, तशी ती मागे सरली. "नको. पाया नका पडू. त्यांना परत आणता येणार नाही तुम्हाला, आणि आईंनाही. त्या आज हव्या होत्या." मग जरा थांबून म्हणाली, "जेवलात का?"

"नाही."

"बसा मग."

तिने तांदूळ धुतले. वाळलेला पाला आणि चार लाकडं चुलीत घातली. सूर्य अगदी डोक्यावर होता. जंगलात गावचं कोणी गेलेलं नव्हतं. मधाला अजून दोन महिने अवकाश होता. तरीही काडी हातात धरून ती पुष्कळ वेळ बसून राहिली. पहिली काडी विझली. दुसरी विझली. प्रभासने काडेपेटीसाठी हात पुढे केला.

"नाही. तुम्ही नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या काडीला पाल्याने पेट घेतला. धूर आधी तिच्या डोळ्यांत गेला, मग वर चढला.

बांधावर कोणीतरी ओरडलं. पायांचा आवाज आला, आणि हाजारी, त्याची बायको, आणखी तिघं-चौघं घागरी, बादल्या घेऊन धावत अंगणात शिरले. सगळ्यांच्या पुढे बकुल, अनवाणी, धापा टाकत.

"आई! काय पेटलं? आई, काय झालं?"

तरुबालाने हंडीवर झाकण ठेवलं.

"काही नाही," ती म्हणाली. "भात टाकला आहे. तूही जेवून जा."