बाडीच्या फाटकाची सिटकनी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यासमोर एकदा विषय निघाला होता, आणि मी ताटात मान घालून जेवत राहिलो. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटतं — पण मला जरा फिरून फिरून यावं लागेल, सरळ बोलता येणार नाही.

आधी वहिनीचं सांगू द्या. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेपासून आत आमचं गाव. मी दहावीत असताना वहिनी आमच्या घरी आली. मी पास झालो, गोंदियाच्या कॉलेजात गेलो, तेव्हा सकाळच्या बसआधी माझा डबा तयार असायचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी परीक्षेचं कारण सांगून घरी बसायचो आणि माझ्या वाटचा चिखल ती तुडवायची. कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला — याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण त्या पदवीत माझ्याइतकेच कष्ट तिचे आहेत. निकाल लागला त्या दिवशी साऱ्या आळीत सांगत फिरली, "आमचे भाऊजी बीएस्सी झाले जी."

आता फाटकाकडे येतो.

घरामागे आमची बाडी. वांगी, मेथी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर — सगळं वहिनीच्या हातचं. बाडीला लाकडी फाटक, त्याला लोखंडी सिटकनी. ती आडवी सरकवली की खांबावरच्या कोंड्यात जाऊन बसायची. फाटक बिजागरीतून खाली लोंबलं होतं, म्हणून सिटकनी कोंड्याच्या खाली यायची. घरातली सगळी जणं गुडघ्याने फाटक उचलून ती लावायची. दोन हजार तीनची दिवाळी होती. बाबा म्हणाले, "सुताराले बलावतो." मी म्हटलं, कायले? मी करतो. बीएस्सी झालेला माणूस एक सिटकनी बसवू शकत नाही का?

खरं काम बिजागरीचं होतं. फाटक उतरवायचं, वर घ्यायचं, पुन्हा ठोकायचं. कोण तेवढं करतो? मी कोंडाच काढला आणि खाली सरकवला. तिथे खांब आतून उधईने पोखरलेला होता. स्क्रू नुसते गरगर फिरत होते. मी भोकांत काड्यापेटीच्या काड्या कोंबल्या, वर स्क्रू दाबले आणि सगळ्यांना बोलावलं. सिटकनी सरकवली — खट्. माय म्हणाली, "शिकल्याचा कायतरी फायदा झाला म्हणा." सगळे हसले. मीही हसलो. उद्या पक्कं करू, असं मनात म्हटलं. पुढे कितीतरी उद्या गेले.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्रा; घरोघरी पाहुणे येतात. त्या वर्षीची मंडई वहिनीसाठी वेगळी होती. तिच्या माहेरी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही. आदल्या वर्षी तिला मुलगा झाला होता. मंडईला तिचे वडील येणार होते, आणि लेकीच्या घरी पहिल्यांदा जेवणार होते. तिने ठरवलं होतं, बाबाच्या पानात बाजारची भाजी पडणार नाही. महिनाभर ती बाडीतलं एक वांगं कोणाला तोडू देत नव्हती. दादा चिडवायचा, "तुया बाप येते का राष्ट्रपती?"

मंडईच्या आदल्या दिवशी सगळे धान कापायला गेले होते. वहिनी शिदोरी घेऊन सर्वांत शेवटी निघाली. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान निघालं की आमच्याकडे ढोरं मोकळी सुटतात. दुपारी मी सायकलने घरी आलो, तेव्हा बाडीत पाच-सहा ढोरं होती. मेथी गेली होती. सांभार गेला होता. वांग्याची झाडं मोडून चिखलात पडली होती.

मी ढोरं हाकलली आणि फाटकाशी आलो. सिटकनी बाहेर आलेली होती — पूर्ण सरकवलेली, जशी लावल्यावर असते तशी. कोंडा खाली मातीत पडला होता, स्क्रूंसकट, काड्यांसकट.

हे एवढं मी पाहिलं. पाहिल्यावर काय केलं?

सिटकनी मागे सरकवली. कोंडा उचलला, माती पुसली, स्क्रू अंगठ्याने पुन्हा त्याच भोकांत दाबले. मग सर्वांची वाट पाहत ओट्यावर बसलो. माणसं आली तेव्हा मीच म्हणालो — फाटक उघडं होतं. कोणी विचारलंही नव्हतं.

तुम्हाला वाटलं असेल, मी गप्प राहिलो एवढंच असेल. मलाही पुष्कळ वर्षं तसंच आठवायला आवडायचं.

"लावलं होतं जी मी," वहिनी म्हणाली.

"मंग ढोरं उडून आले का?" माय म्हणाली. "बाप येऊन राहिला तं ध्यान कुठी होतं वं तुयं?"

वहिनी फाटकाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "लावलं होतं असं वाटते मले."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील बाजारच्या आलूची भाजी जेवले. मायने त्यांच्या पुढ्यातच सगळं सांगितलं. त्यांनी हात जोडले, म्हणाले, "पोरीचं चुकलं, सांभाळून घ्या." वाढताना वहिनीने वर पाहिलं नाही. मी पंगतीत त्यांच्या शेजारीच होतो. जेवण उरकून सगळे मंडईत गेले, तेव्हा मी एकटा मागे राहिलो आणि कोंडा खुंट्या ठोकून पक्का केला. त्यामुळे पुढे कधी कोणाला शंका आली नाही.

मला नोकरी लागली तेव्हा देवापुढे दिवा वहिनीने लावला. माझ्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत ती राबली. माझं जे बरं झालं, त्यात कुठेतरी तिचा हात आहेच, आणि ते मी मानतो. लग्नानंतर माझ्या बायकोला घर दाखवताना ती म्हणाली, "फाटकाकडे तू पण पाहत जाय वो. माह्या ध्यानात राहत नाही. एकदा उघडं टाकलं होतं मी, सारी बाडी गेली."

ती 'वाटते' म्हणाली नाही. आता तिची खात्री होती. मी आत ताटात मान घालून जेवत राहिलो, तो हाच प्रसंग.

आता तिथे लोखंडी गेट आहे. वहिनी रोज संध्याकाळी ते लावते, घरात येते, आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायला जाते. ते लागलेलं असतं. त्या दिवशीही तिने फाटक लावलेलं होतं.