गुडघ्याची गोळी आणि भेटीचा चहा

आमच्या धंद्यात किस्से घरातल्या औषधांच्या डब्यासारखे साठतात. मुदत संपली तरी कोणी फेकत नाही. मैत्रिणी म्हणतात, "नंदा, सांग ना पेशंटचे किस्से." मी सांगते, त्या पोट धरून हसतात. मीही हसते आणि घरी येताना मला लाज वाटते.

माझं काम म्हणजे नव्या औषधांच्या चाचण्या नियमाने चालल्यात का, हे दवाखान्यांत जाऊन बघणं. नोकरी नाही, स्वतंत्र सल्लागार. बऱ्हाणपुरात, आमच्या इतवारा मोहल्ल्यात, आईनं शेजारणीला ते असं समजावलं: "दुसऱ्यांच्या दवाखान्यात जाऊन चुका काढते."

शेजारीण म्हणाली, "ते तर माझी सासू घरी बसून करते. तिला कोणी बोलावत नाही."

* * *

गुडघेदुखीच्या गोळीची चाचणी बऱ्हाणपुरातच एका खासगी दवाखान्यात होती. तिथं माणसं कमी, म्हणून पेशंटना समजावायचं कामही माझ्याकडे आलं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. चांदनी गावच्या रामदासभाऊंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला कोणती, ते डॉक्टरसाहेबांना मालूम नाही?"

"नाही."

"तुम्हाला?"

"मलाही नाही."

"मग घरी काय सांगू? कोणालाच काही मालूम नाही अशा दवाखान्यात जाऊन आलो?"

मी शास्त्र, पद्धत वगैरे बोलले. त्यांनी मान डोलावली, ती माझी दया येऊन.

* * *

पुढच्या भेटीला रामदासभाऊंनी गोळ्यांची पाकिटं आणली, अगदी हवी तेवढी रिकामी. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. ते लाजले.

"अर्ध्या बायकोनं खाल्ल्या, मॅडम. तिचे पण गुडघे दुखतात. मी एकटाच बरा झालो तर घरात बसू देईल का?"

नियमाप्रमाणे त्यांना चाचणीतून काढावं लागलं. जाताना माफी त्यांनीच मागितली.

* * *

खकनारच्या गिरजाबाईंना मी संमतीचा कागद ओळ न् ओळ वाचून दाखवला. नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, हे दोनदा सांगितलं.

"हक्क आहे ना, बराबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं वाचून दाखवलं. आता नाही म्हणणं चांगलं दिसतं का?"

आणि अंगठा पुढे केला. संमती स्वखुशीने, असं आम्ही खाली लिहिलं.

* * *

दर भेटीत दुखणं किती, ते दहापैकी विचारायचं. शिवाय पोटात जळजळ होते का, हेही. होत असेल तर गोळी तिथंच बंद, नाहीतर आतडं सोलून निघायचं. गिरजाबाईंचं दुखणं दर वेळी एकेक आकडा खाली यायचं. डॉक्टरसाहेब खूश. पोटाचं विचारलं की, "नाही नाही, सब ठीक."

भेटीच्या दिवशी पेशंटला चहा द्यायची तिथं पद्धत होती. मी स्वतः कप नेऊन द्यायचे. साधेपणाचं मला जरा कौतुकच होतं, माझ्याच.

* * *

त्याच सुमारास आईचे गुडघे धरले. मी इंदूरहून महागाचं तेल आणलं. रोज विचारायचे, "आई, बरं आहे का?"

"पुष्कळ बरं आहे."

एकदा अवचित दुपारी घरी आले, तर आई जिना बसून चढत होती, एकेक पायरी. मी म्हटलं, "अगं, सांगायचं नाही का?"

"तू किती हौसेनं आणलं होतंस," ती म्हणाली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईमुळे नाही. गिरजाबाईंचे उतरते आकडे डोळ्यांसमोरून हलेनात.

* * *

पुढच्या भेटीला मी सगळ्या पेशंटना एकत्र बसवून सांगितलं, "खरं सांगा. आम्हाला वाईट वाटणार नाही." सगळे म्हणाले, "आराम आहे." गिरजाबाई मात्र बाकीचे जाईपर्यंत थांबल्या. मी चहाचा कप त्यांच्यापुढे धरला.

"खरं बोलले तर तुमच्या कामाला काही होणार नाही ना?"

"नाही होणार."

"मग दहा लिहा. आणि पोटात पहिल्या गोळीपासून आग पडते. चहा प्याला की जास्त." मग दाराकडे बघून हळूच, "डॉक्टरसाहेबांना सांगू नका. इतके खूश होतात बिचारे."

कप मागे घ्यायचं मला सुचलं नाही. तो गिरजाबाईंनीच माझ्या हातातून घेतला आणि सावकाश पिऊन टाकला.

"तुम्ही आणला ना," त्या म्हणाल्या.